प्रत्यागमन, परदेशस्थ भारतीयांचे

प्रत्यागमन, परदेशस्थ भारतीयांचे : शिक्षण, नोकरी वा व्यवसाय यांसाठी परदेशी जाऊन तेथे दीर्घकाळ वास्तव्य केलेल्या भारतीयांनी कायमच्या निवासासाठी मायदेशी परत येण्याची प्रक्रिया. अल्पकालीन भेटी, यात्रा किंवा कंपनीच्या कामानिमित्त होणारे दौरे यांचा प्रत्यागमनात समावेश होत नाही. देशात आर्थिक तेजी असताना या प्रक्रियेला वेग येतो व परदेशस्थांनी अशा वेळी परतावे की नाही, हा प्रश्न कुटुंबांत तसेच सार्वजनिक चर्चेत वारंवार उपस्थित होतो. त्याचा विचार व्यक्तीचे हित, देशाचे हित आणि ज्या गावातून ती व्यक्ती मुळात निघाली त्या गावाचे हित, अशा तीन पातळ्यांवर करावा लागतो. या तिन्ही हितांचा मेळ बसतोच असे नाही.

परराष्ट्र मंत्रालयाच्या अंदाजानुसार परदेशांत राहणाऱ्या भारतीयांची व भारतीय वंशाच्या व्यक्तींची संख्या सु. साडेतीन कोटी आहे. यात तीन वेगवेगळे समूह आढळतात : एकोणिसाव्या शतकात करारबद्ध मजूर म्हणून मॉरिशस, फिजी, कॅरिबियन बेटे इ. ठिकाणी गेलेल्यांचे वंशज. १९७३ च्या तेल-दरवाढीनंतर पश्चिम आशियातील देशांत गेलेले कामगार. आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया इ. देशांत गेलेले डॉक्टर, अभियंते व शास्त्रज्ञ. पहिल्या समूहाच्या बाबतीत परतण्याचा प्रश्न आता बहुधा उद्‌भवत नाही. आखाती देशांत परकीयांना सामान्यतः नागरिकत्व मिळत नसल्यामुळे दुसऱ्या समूहाचे परतणे जवळजवळ अटळ असते. परतायचे केव्हा व गाठीशी काय घेऊन, एवढाच प्रश्न उरतो. परतावे की न परतावे, हा खरा पर्याय मुख्यतः तिसऱ्या समूहापुढे असतो.

प्रकार : इटालियन समाजशास्त्रज्ञ फ्रांचेस्को चेराझे यांनी अमेरिकेतून दक्षिण इटलीत परतलेल्या स्थलांतरितांचा अभ्यास करून १९७४ मध्ये प्रत्यागमनाचे चार प्रकार सांगितले. परक्या देशात जम न बसल्यामुळे झालेले अपयशाचे प्रत्यागमन. ठराविक बचत करून जमीन वा घर घेण्यासाठी झालेले परंपरानिष्ठ प्रत्यागमन. उतारवयातील निवृत्तीचे प्रत्यागमन. आणि परदेशात मिळविलेले ज्ञान व भांडवल मायदेशी वापरण्याच्या हेतूने झालेले नवप्रवर्तनाचे प्रत्यागमन, असे ते प्रकार होत. देशाच्या दृष्टीने चौथा प्रकार मोलाचा. परंतु परतलेल्यांच्या नव्या कल्पनांना स्थानिक सत्ताधारी व मिरासदार वर्ग अनेकदा विरोध करतो आणि त्यांचा प्रभाव अपेक्षेपेक्षा कमी पडतो, असेही चेराझे यांना आढळून आले. हे निरीक्षण भारतासही बऱ्याच अंशी लागू पडते.

ऐतिहासिक आढावा : महाराष्ट्रात प्रत्यागमनाची परंपरा जुनी आहे. आनंदीबाई जोशी यांनी १८८६ मध्ये अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे वैद्यकाची पदवी घेतली व त्याच वर्षी त्या भारतात परतल्या. कोल्हापूर येथील रुग्णालयाच्या स्त्री-विभागात त्यांची नियुक्ती झाली होती. तथापि फेब्रुवारी १८८७ मध्ये पुणे येथे त्यांचे अकाली निधन झाले. डॉ. भीमराव आंबेडकर बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले व १९१७ मध्ये परतले. करारानुसार ते बडोद्यास नोकरीवर रुजू झाले. परंतु अस्पृश्य म्हणून त्यांना शहरात राहावयास जागा मिळेना आणि पारशी पथिकाश्रमातूनही त्यांना बाहेर काढण्यात आले. त्यामुळे अल्पावधीतच त्यांना बडोदे सोडावे लागले. परतणाऱ्याची तयारी असून भागत नाही, त्याला स्वीकारण्याची समाजाचीही तयारी असावी लागते, हे या प्रसंगावरून स्पष्ट होते. महात्मा गांधी दक्षिण आफ्रिकेतून ९ जानेवारी १९१५ रोजी मुंबईस परतले. हाच दिवस २००३ पासून प्रवासी भारतीय दिवस म्हणून पाळण्यात येतो.

वर्ध्याचे क्रांतिकारक व कृषिशास्त्रज्ञ पांडुरंग खानखोजे यांनी मेक्सिकोत मका व गहू यांच्या सुधारित वाणांवर महत्त्वाचे संशोधन केले. स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये मध्य प्रांताच्या शासनाने त्यांना शेतीविषयक सल्ल्यासाठी निमंत्रित केले. १९५५ मध्ये ते कायमचे परत आले व १९६७ मध्ये नागपूर येथे निवर्तले. त्यांच्या आयुष्यातील संशोधनाचा ऐन बहराचा काळ मेक्सिकोच्या उपयोगी पडला होता. याउलट संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी रोम येथील अन्न व शेती संघटनेतील प्रदीर्घ सेवेनंतर १९७० च्या सुमारास पुण्यास येऊन भारतीयांच्या पोषणविषयक प्रश्नांवर नव्याने काम उभे केले. निवृत्तीचे प्रत्यागमनही फलदायी ठरू शकते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

स्वातंत्र्योत्तर काळातील काही ठळक प्रत्यागमने लक्षात घेण्याजोगी आहेत. परिसरविज्ञ माधव गाडगीळ व हवामानशास्त्रज्ञ सुलोचना गाडगीळ १९७१ मध्ये हार्व्हर्डहून परतले. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर १९७२ मध्ये केंब्रिजहून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले व पुढे १९८८ मध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली पुणे येथे आंतरविद्यापीठीय खगोलविज्ञान व खगोलभौतिकी केंद्र स्थापन झाले. रसायन अभियंते रघुनाथ माशेलकर १९७६ मध्ये इंग्लंडमधील सॅल्फर्डहून पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत रुजू झाले. अभय व राणी बंग हे डॉक्टर दांपत्य जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण संपवून १९८४ मध्ये परतले व १९८६ पासून गडचिरोली जिल्ह्यात त्यांनी ‘सर्च’ या संस्थेद्वारे आरोग्यसेवा व संशोधन सुरू केले. या प्रत्यागमनांपैकी एकही आर्थिक तेजीच्या काळातले नाही. १९७२ हे तर महाराष्ट्रातील भीषण दुष्काळाचे वर्ष होते. परतणाऱ्यांना खेचून आणले ते एखाद्या संस्थेने, विशिष्ट कार्याने वा ध्येयाने; बाजारपेठेतील भरभराटीने नव्हे.

परतल्यानंतर पुन्हा परदेशी जाण्याची उदाहरणेही आहेत. कोकणातील मराठीभाषक बेने इस्रायल समाजातील अनेक कुटुंबे १९४८ नंतर इस्रायलला गेली. तेथील भेदभावाबद्दल असंतुष्ट झालेल्या काहींनी परत पाठविण्याची मागणी केली व १९५२ मध्ये ती भारतात परतली. परंतु त्यांतील बऱ्याच जणांनी पुढे पुन्हा इस्रायलला जाणे पसंत केले. ‘घर’ या कल्पनेचे दोन देशांत झालेले हे विभाजन आजच्या अनेक परदेशस्थ कुटुंबांतही दिसून येते.

तेजीचा परिणाम : अमेरिकेने १९६५ च्या कायद्याने राष्ट्रनिहाय कोट्याची जुनी पद्धत रद्द केल्यावर भारतीय डॉक्टर व अभियंते यांचे तिकडे जाणे वाढले. त्या वेळी भारतातील वाढीचा दर मंद, उद्योग परवान्यांनी बांधलेले व संशोधनाची साधने अपुरी होती. या बुद्धिगळतीची भरपाई म्हणून परदेशस्थ तज्ञांवर विशेष कर बसवावा, अशी कल्पना अर्थशास्त्रज्ञ जगदीश भगवती यांनी १९७० नंतरच्या दशकात मांडली; ती प्रत्यक्षात आली नाही. १९९१ च्या आर्थिक सुधारणांनंतर चित्र पालटू लागले. संगणकप्रणाली-उद्योगाचा विस्तार झाला. बंगळुरू, हैदराबाद व पुण्यानजीकचे हिंजवडी येथे बहुराष्ट्रीय कंपन्यांची केंद्रे उभी राहिली. २००५–०६ ते २००७–०८ या तीन वर्षांत तत्कालीन आकडेवारीनुसार राष्ट्रीय उत्पन्नाच्या वाढीचा दर ९ टक्क्यांच्या वर होता. याच दशकाच्या आरंभी अमेरिकेतील संगणक-उद्योगात मंदी आली होती व २००८ मध्ये तेथील वित्तव्यवस्था कोसळली. एकीकडील ओढ व दुसरीकडील रेटा एकाच वेळी कार्य करू लागल्याने प्रत्यागमन ठळकपणे जाणवू लागले.

तेजी परतणाऱ्यास अनेक प्रकारे अनुकूल असते. अनुभवी व्यक्तींची मागणी वाढते, वेतनातील अंतर कमी होते, भांडवल सुलभपणे मिळते व नव्या उद्योगास वाव असतो. वेतनांची तुलना मात्र केवळ विनिमय-दराने करणे दिशाभूल करणारे ठरते. क्रयशक्ती, घरभाडे, मुलांच्या शाळांचे शुल्क आणि वैद्यकीय खर्च हिशेबात धरल्यावरच दोन्ही देशांतील राहणीमानाची खरी तुलना होते.

तेजीची दुसरी बाजूही आहे. तेजीत घरे व जमिनी यांच्या किंमती सर्वांत चढ्या असतात व परतणारा नेमका त्याच वेळी खरेदीस उतरतो. परकीय भांडवलाच्या ओघामुळे रुपया वधारतो आणि परदेशातील बचतीचे रुपयांतील मूल्य घटते. २००७ च्या अखेरीस डॉलरचा भाव ४० रुपयांच्या खाली गेला होता. २००९ च्या आरंभी तो ५० रुपयांच्या घरात पोहोचला. म्हणजे तेजीच्या शिखरावर बचत मायदेशी आणणाऱ्यास तेवढ्याच डॉलरचे कमी रुपये मिळाले आणि त्यांत महागडे घर घ्यावे लागले. शिवाय तेजी चक्रीय असते. तिच्या भरात निर्माण झालेली पदे मंदी येताच प्रथम रद्द होतात. आयुष्याची वीस-तीस वर्षे ज्यावर अवलंबून आहेत असा निर्णय दोन-तीन वर्षांच्या तेजीवर आधारणे म्हणूनच धोक्याचे ठरते.

अन्य देशांचा अनुभव : दक्षिण कोरियाने १९६६ मध्ये विज्ञान व तंत्रविद्या संस्था स्थापून परदेशस्थ कोरियन शास्त्रज्ञांना चांगले वेतन, निवास व संशोधनाचे स्वातंत्र्य देऊन परत बोलाविले. तैवानने १९८० मध्ये शिन्चू येथे विज्ञान-नगर उभारले. अमेरिकेत कारकीर्द घडविलेल्या मॉरिस चँग यांना १९८५ मध्ये निमंत्रित केले व त्यांनी १९८७ मध्ये सुरू केलेली अर्धवाहक कंपनी पुढे जगात अग्रेसर ठरली. या दोन्ही देशांनी तेजी येण्याची वाट पाहिली नाही. परतलेल्यांच्या साहाय्याने ती घडविली. अमेरिकन अभ्यासक ॲनाली सॅक्सेनियन यांनी अशा येण्याजाण्यास बुद्धिगळतीऐवजी ‘बुद्धीचे अभिसरण’ म्हटले आहे. कायमचे न परतताही भांडवल, संपर्क व ज्ञान यांद्वारे मायदेशाला साहाय्य करता येते, असा या संकल्पनेचा आशय आहे.

शासकीय धोरण व कायदे : परतणाऱ्या शास्त्रज्ञांना कायम नोकरी मिळेपर्यंत तात्पुरते काम देण्यासाठी वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने १९५८ मध्ये ‘शास्त्रज्ञ-संचय’ योजना सुरू केली. एकविसाव्या शतकात रामानुजन व रामलिंगस्वामी अधिछात्रवृत्त्या याच हेतूने देण्यात येऊ लागल्या. लक्ष्मीमल सिंघवी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २००२ मध्ये परदेशस्थ भारतीयांविषयी अहवाल सादर केला. त्यानंतर नागरिकत्व अधिनियम, १९५५ यात दुरुस्त्या होऊन ‘भारताचा परदेशस्थ नागरिक’ हा दर्जा निर्माण झाला. या दर्जाने आजीवन व्हिसा मिळतो. मात्र मतदानाचा हक्क व सरकारी पदे मिळत नाहीत. भारतीय राज्यघटना दुहेरी नागरिकत्व मानीत नसल्यामुळे परकीय नागरिकत्व स्वीकारताच भारतीय नागरिकत्व संपुष्टात येते. असा परदेशस्थ नागरिक पाच वर्षांच्या नोंदणीनंतर व भारतातील विहित निवासानंतर भारतीय नागरिकत्वासाठी पुन्हा अर्ज करू शकतो.

करांच्या बाबतीत नव्याने परतलेल्यास काही काळ ‘सामान्यतः निवासी नसलेला’ असा दर्जा मिळू शकतो व त्या मुदतीत त्याच्या परदेशातील उत्पन्नावर भारतात सामान्यतः कर लागत नाही. परदेशातील निवृत्तिवेतनाचा प्रश्न अधिक बिकट आहे. अमेरिकेच्या सामाजिक सुरक्षा योजनेत निवृत्तिवेतनाचा हक्क मिळण्यासाठी सामान्यतः दहा वर्षांची वर्गणी भरावी लागते. बेल्जियम, जर्मनी इ. काही देशांशी भारताने याबाबत करार केले. अमेरिकेशी तसा करार झाला नाही. परिणामी सहा-सात वर्षांनी परतणाऱ्याची तेथील वर्गणी बहुधा वाया जाते. दुसरीकडे अमेरिकेतील कायम निवासाच्या परवान्यांवर देशनिहाय ७ टक्के मर्यादा असल्याने भारतीय अर्जदारांना दीर्घकाळ तिष्ठत राहावे लागते. सप्टेंबर २०२५ मध्ये तेथील शासनाने कुशल कामगारांच्या नव्या व्हिसा-अर्जांवर १ लाख डॉलर शुल्क जाहीर केले. परतण्याचा निर्णय अशा रीतीने अनेकदा स्वेच्छेचा न राहता परक्या कायद्याने लादलेला असतो.

कौटुंबिक बाजू : निर्णयाचा काटा पुष्कळदा आर्थिक हिशेबाने न हलता वृद्ध आईवडील व वाढती मुले यांच्या विचाराने हलतो. आईवडिलांना परदेशी नेल्यास ते एकाकी पडतात, येथे ठेवल्यास त्यांच्या आजारपणात कोणी जवळ नसते. पुण्यासारख्या शहरात अशा पालकांनी परस्परसाहाय्यासाठी संघटना स्थापन केल्या आहेत, यावरून प्रश्नाची व्याप्ती कळते. मुले लहान असताना परतणे सुलभ असते; शालेय शिक्षणाच्या शेवटच्या वर्षांत भाषा, अभ्यासक्रम व मित्रपरिवार बदलणे त्यांना जड जाते. मुलांना परदेश हेच मायदेश वाटू लागल्यावर आईवडिलांचे प्रत्यागमन हे मुलांच्या दृष्टीने स्थलांतर ठरते. पतीस येथे चांगले पद मिळाले तरी पत्नीस तिच्या योग्यतेचे काम मिळेलच असे नसते. तसेच परदेशात तिला लाभलेली मोकळीक एकत्र कुटुंबात टिकेल किंवा कसे, ही शंका अनेकींच्या मनात असते. बृहन्महाराष्ट्र मंडळासारख्या १९८१ मध्ये अमेरिकेत स्थापन झालेल्या संस्थांमुळे मराठी भाषा व सण परदेशातही जपले जाऊ लागले. केवळ संस्कृतीसाठी परतणे हे कारण त्यामुळे पूर्वीइतके निर्णायक राहिले नाही.

ग्रामीण भाग व प्रत्यागमन : देशात परतणे म्हणजे गावी परतणे नव्हे. परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यातील बोरी हे परभणी–जिंतूर मार्गावरील गाव या दृष्टीने विचारात घेण्यासारखे आहे. हा भाग काळ्या कसदार जमिनीचा. ज्वारी, कापूस, तूर व सोयाबीन ही परिसरातील प्रमुख पिके. तालुक्यात पूर्णा नदीवर येलदरी धरण आहे. तथापि मराठवाड्यातील बहुसंख्य शेती पावसाच्या लहरीवर अवलंबून असते. अशा गावातील हुशार मुलगा प्रथम परभणीस किंवा छत्रपती संभाजीनगरास, तेथून पुण्यास वा हैदराबादेस आणि अखेरीस परदेशी जातो. तेजीच्या काळात तो परत येतो, तेव्हा ही वाट उलट दिशेने पुणे वा हैदराबादपर्यंतच चालतो. कारण तेजीने निर्माण केलेल्या नोकऱ्या त्या शहरांत असतात. देशाच्या हिशेबात त्याचे प्रत्यागमन पूर्ण झालेले असते. बोरीच्या हिशेबात तो अद्याप परगावीच असतो. गावाशी त्याचा संबंध सणावारी भेट, घराची दुरुस्ती व भावाच्या वाट्यास दिलेली जमीन एवढ्यापुरता उरतो.

गावातील शेतीत गुंतवणूक करू इच्छिणाऱ्यापुढे कायद्याच्याही मर्यादा आहेत. अनिवासी भारतीय व परदेशस्थ नागरिक यांना परवानगीवाचून शेतजमीन विकत घेता येत नाही. वारशाने आलेली जमीन मात्र ते बाळगू शकतात. मराठवाड्यात हैदराबाद कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९५० यानुसार शेतकरी नसलेल्या व्यक्तीने जमीन घेण्यावरही निर्बंध आहेत. जमीन परक्या पैशाच्या हाती जाऊ नये, हा या निर्बंधांमागील हेतू रास्त आहे.

परतणाऱ्याच्या ज्ञानाचा ग्रामीण भागाला उपयोग व्हायचा, तर त्याला सामावून घेणारी संस्था जवळपास असावी लागते. परभणी येथे १९७२ मध्ये स्थापन झालेले व २०१३ पासून वसंतराव नाईक यांचे नाव धारण करणारे मराठवाडा कृषी विद्यापीठ ही अशी एक संस्था होय. कोरडवाहू शेती, ज्वारी व कापूस यांच्या वाणांची पैदास यांसारखे तिचे विषय परिसराच्या गरजांतून आले आहेत. गडचिरोलीतील नवजात बालकांच्या घरोघरच्या शुश्रूषेचा प्रयोगही हेच सिद्ध करतो की, दूरच्या जिल्ह्यात झालेले काम जागतिक महत्त्वाचे ठरू शकते. त्यासाठी तेथे तेजी असावी लागत नाही.

परदेशातून येणारा पैसा हा प्रत्यागमनाचा एक पर्याय मानला जातो. भारतीय रिझर्व्ह बँकेच्या पाहणीनुसार २०२०–२१ मध्ये अशा रकमांत महाराष्ट्राचा वाटा ३५.२ टक्के असून त्याने केरळला मागे टाकले होते. २०२३–२४ मध्ये तो २०.५ टक्के होता. या पैशाने घरे बांधली जातात, शिक्षण होते, कर्जे फिटतात. परंतु पैसा शाळेत शिकवू शकत नाही वा रोग्याची नाडी पाहू शकत नाही. बोरीसारख्या गावांत उणीव असते ती बहुधा शिक्षक, डॉक्टर व तंत्रज्ञ यांची.

मूल्यमापन : तेजीच्या काळात परदेशस्थांनी परतावे काय, या प्रश्नाला सरसकट उत्तर नाही. परतणे हे देशभक्तीचे लक्षण व न परतणे हा द्रोह, असे मानणे अन्यायाचे होय. त्याचप्रमाणे बुद्धिमत्तेला देश नसतो, हे म्हणणेही अर्धसत्य आहे, कारण परदेशी गेलेल्यांपैकी अनेकांचे उच्च शिक्षण भारतीय करदात्यांच्या पैशातून झालेले असते व त्या करदात्यांत बोरीचा शेतकरीही मोडतो. उपलब्ध अनुभवावरून काही निष्कर्ष मात्र काढता येतात. तेजी हे परतण्याचे निमित्त होऊ शकते, ते एकमेव कारण असू नये. ज्याला मंदीतही करावेसे वाटेल असे काम येथे आहे, मुलांचे शिक्षण अर्ध्यावर नाही व पती-पत्नी दोघांचीही संमती आहे, त्याचे प्रत्यागमन बहुधा टिकते. केवळ पगाराच्या आकर्षणाने परतलेला तेजी ओसरताच पुन्हा जाण्याचा विचार करू लागतो.

देशाच्या दृष्टीने, परतणाऱ्यांना सवलती देण्यापेक्षा येथे राहिलेल्यांच्याही उपयोगी पडतील अशा संस्था, विद्यापीठे व रुग्णालये जिल्ह्याजिल्ह्यांत उभारणे अधिक श्रेयस्कर आहे. अशी साधने उपलब्ध झाल्यास परतणारा परततो आणि जाण्याच्या विचारात असलेलाही थांबतो. तेजीतून मिळणारे वाढीव उत्पन्न या कामी लावले, तरच तिचा लाभ महानगरांपलीकडे पोहोचेल. एरव्ही देशात परत आलेला माणूस बोरीच्या वाटेवर पुण्यापर्यंतच येऊन थांबेल.